भिंतीतले बीड : घर घेताना, विकताना आणि वाटताना



व्यापारी घराण्यात वाढलेल्या माणसास माल पारखून घेण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. सराफ सोने कसोटीवर घासल्याशिवाय भाव बोलत नाही, कापडवाला ठाणाचा पोत बोटांनी चाचपतो आणि आडत्या पोत्याच्या तळातून मूठभर दाणे काढून हातावर घेतो. तोच माणूस आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी, म्हणजे राहते घर किंवा दुकानासह वाडा, घेण्यास निघतो तेव्हा पारख केवळ कागदांची होते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतला जातो, नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक पाहिले जाते, कराच्या पावत्या आणि जुनी खरेदीखते तपासली जातात. हे सर्व आवश्यकच आहे. मात्र त्या घरातील सांडपाणी आणि मैला कोणत्या मार्गाने बाहेर जातो, तो मार्ग किती वर्षांपूर्वीचा आहे आणि आज तो शाबूत आहे काय, हा प्रश्न व्यवहाराच्या बैठकीत क्वचितच विचारला जातो.

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी, सराफा, मछली खडक, शहागंज, पैठण गेट या जुन्या भागांत आपल्या समाजाची दुकाने आणि घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सिडकोच्या वसाहती सत्तरच्या दशकापासून उभ्या राहिल्या आणि त्याही आता पन्नाशीकडे झुकल्या आहेत. या वयाच्या अनेक इमारतींत मैला वाहून नेणारे उभे पाइप बिडाचे आहेत. आजच्या लेखांकात त्या बिडाविषयी, ते कसे खराब होते, ते कसे ओळखावे आणि त्यावरून घरात व व्यवहारात कोणते प्रश्न उभे राहतात, याविषयी विचार करू.

बीड म्हणजे काय

बीड हा शब्द आपल्या घरास परका नाही. स्वयंपाकघरातील जड तवा बिडाचा असतो आणि जुन्या दुकानातील तागडीची वजनेही बिडाचीच असत. बीड म्हणजे साच्यात ओतलेले लोखंड. त्यात दोन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो आणि तो बहुतांशी ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने धातूत विखुरलेला असतो. त्यामुळे हे लोखंड कठीण पण ठिसूळ असते. ते वाकत नाही, तडकते.

सांडपाण्यासाठी बिडाचे पाइप दोन प्रकारचे येत. वाळूच्या साच्यात ओतलेल्या पाइपांसाठी भारतीय मानक १७२९ आहे, तर फिरत्या साच्यात ओतलेल्या पाइपांसाठी भारतीय मानक ३९८९ आहे. घरगुती शौचालयासाठी चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरचा पाइप सर्रास वापरला जाई. वाळूच्या साच्यातील अशा सहा फुटी पाइपाचे वजन वीस किलोच्या घरात भरते. एका पाइपाचे टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवून मधल्या फटीत तागाची दोरी ठासली जाई आणि वरून वितळलेले शिसे ओतून ते ठोकून घट्ट केले जाई. हे काम नीट झालेले असेल तर जोड दीर्घकाळ टिकतो.

बीड ही वाईट वस्तू नव्हे. फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात सतराव्या शतकात घातलेल्या बिडाच्या जलवाहिन्या तीनशे वर्षांहून अधिक काळ वापरात राहिल्या. बीड आग पसरू देत नाही आणि पाणी पडताना आवाजही कमी होतो, म्हणून उंच इमारतींत ते आजही वापरले जाते. प्रश्न धातूपेक्षा त्यातून काय वाहते आणि त्याची देखभाल कोण करते, याचा आहे. व्हर्सायच्या वाहिन्यांतून स्वच्छ पाणी वाहत होते, आपल्या भिंतीवरील पाइपातून मैला वाहतो.

पाइप आतून कसा मरतो

पाइपाच्या आतील बाजूस मैल्याचा बुळबुळीत थर साचतो. त्या थरातील सूक्ष्म जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या वासाचा वायू निर्माण करतात. वायू वर चढतो आणि पाइपाच्या ओलसर, कोरड्या राहू न शकणाऱ्या भागास चिकटतो. तेथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात. आडव्या पाइपाचा वरचा भाग अशा रीतीने पातळ होत जातो. खालच्या भागाचे वेगळेच दुखणे असते. पाइपाचा उतार कमी असेल तर पाणी तेथे साचून राहते, गंजाच्या गाठी धरतात, त्या गाठींना केस व कागद अडकतात आणि अखेर तळाला उभी भेग पडते.

याहून फसवा प्रकार म्हणजे बिडातील लोखंड विरघळून निघून जाणे. लोखंड जाते, परंतु ग्राफाइटचा सांगाडा आणि गंज जागेवरच राहतात. पाइपाचा आकार तोच, जाडी तीच, वरून रंगाचा हात दिलेला असेल तर रूपही तेच. प्रत्यक्षात ती भिंत इतकी मऊ झालेली असते की पेचकसाच्या टोकाने खरवडता येते. अशा पाइपास एखादा धक्का लागला, शेजारी हातोडा चालला किंवा चोक काढण्यासाठी जोराने सळई घातली, की तो फुटतो. दोष त्या दिवशी दिसतो, पण घडलेला असतो कित्येक वर्षांपूर्वी.

या क्षयास आपण स्वतः हातभार लावतो. शौचालयाची फरशी पांढरी व्हावी म्हणून बाटलीभर ॲसिड ओतण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. चिनीमातीच्या भांड्यास ते काही करीत नाही, परंतु खालच्या बिडास खाऊन टाकते. ज्या घरास सेप्टिक टाकी आहे तेथे तर मैला कुजवणारे जिवाणूही त्यामुळे नष्ट होतात आणि टाकी लवकर भरते. सूक्ष्म जीवांच्या हिंसेविषयी इतका विवेक बाळगणाऱ्या आपल्या घरांत ही बाटली इतक्या सहजतेने कशी येते, याचा विचार गृहिणींनी आणि त्याहून अधिक ती बाटली आणून देणाऱ्या पुरुषांनी करावा. साधा साबण, ब्रश आणि नियमित सफाई यांनी शौचालय स्वच्छ राहते.

आपल्या शहरातील जमिनीचीही यात भूमिका आहे. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पुरलेला पाइप दरवर्षी थोडा वर उचलला जातो व थोडा खाली बसतो. लवचीक पाइप ते सहन करतो, ठिसूळ बीड आणि भाजक्या मातीचा स्टोनवेअर पाइप जोडापाशी तडकतो. मुरमाच्या किंवा खडकाच्या पायावरील जुन्या भागात हा त्रास कमी, परंतु भर घातलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या वसाहतींत अधिक असतो.

हौदापर्यंतचा प्रवास

येथवर वाचून कोणी म्हणेल की पाइप गळेल, भिंतीस ओल येईल, प्लंबर बोलावू. आपल्या शहरात प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. जायकवाडीच्या नाथसागरातून येणारे पाणी आपणास रोज मिळत नाही, काही दिवसांआड मिळते. म्हणून बहुतेक प्रत्येक घराखाली किंवा अंगणात जमिनीतील हौद आहे. जागा अपुरी असल्याने अनेक ठिकाणी हा हौद शौचालयाच्या चेंबरपासून फार दूर नसतो. जमिनीखालचा पाइप फुटला की मैला मातीत झिरपतो आणि हौदाच्या भिंतीस बारीक तडा असेल तर तो आत येतो. नळाची वाहिनीही अनेक दिवस रिकामी राहते. त्या काळात तिच्यातील दाब नाहीसा होतो आणि जेथे जोड सैल असेल तेथून भोवतालचे दूषित पाणी आत शोषले जाते. नळ सुटल्यावर पहिले पाणी गढूळ किंवा वासाचे येते, ते अनेकदा याच कारणाने.

नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याच शहरातील छावणी भागात दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोची साथ आली आणि हजारो रहिवासी आजारी पडले. त्याहून जुने आणि वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेलेले उदाहरण दिल्लीचे आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतील पाणी उचलण्याच्या जागेपाशी पोहोचले आणि सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. ती कावीळ आज हेपेटायटिस ई म्हणून ओळखली जाते. हा आजार गर्भवती स्त्रियांस विशेष घातक असतो.

आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची परंपरा आहे, ती उत्तमच आहे. परंतु कापडाच्या गाळणीने कावीळ उत्पन्न करणारे विषाणू अडत नाहीत, ते कापडाच्या धाग्यांमधील फटीपेक्षा कितीतरी सूक्ष्म असतात. खळखळून उकळलेल्या पाण्यात ते टिकत नाहीत. म्हणून ज्या घरात उकळलेले पाणी पिण्याचा नियम आहे, त्या घराने तो नियम वर्षभर आणि सर्वांसाठी पाळावा. दात घासण्यास, भाजी धुण्यास आणि लहान मुलांस देण्यास हौदाचे पाणी तसेच वापरले तर नियमाचा लाभ अर्धाच मिळतो.

तपासणी कशी करावी

परदेशांत घर घेण्यापूर्वी स्वतंत्र तपासनीसाकडून घर पाहून घेण्याची प्रथा आहे. अमेरिकेत विशेषतः १९७० च्या दशकापूर्वीच्या घरांत असा तपासनीस सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा सोडून चित्रीकरण करून देतो. आपल्याकडे ही प्रथा रुजलेली नसली तरी पाइपात सोडावयाचा कॅमेरा मोठ्या शहरांत भाड्याने मिळतो आणि बरीचशी तपासणी त्याशिवायही करता येते. अनुभवी प्लंबर सोबत घ्यावा आणि घर सकाळच्या वेळी पाहावे, कारण त्या वेळी शौचालये व न्हाणी वापरात असतात.

पहिली गोष्ट, पाइपाची भिंतीकडील बाजू पाहावी. रंगाऱ्याचा ब्रश पुढून फिरतो, मागील बाजूस पोहोचत नाही. त्यामुळे पाइप मागून आधी गंजतो. हात घालता येत नसेल तर लहान आरसा आणि विजेरी पुरते.

दुसरी गोष्ट, जोड पाहावेत. जोडाखाली तांबूस ओघळ असेल, पांढरट क्षार धरले असतील किंवा जोडातून पिंपळाचे रोप उगवले असेल, तर तेथे पाणी झिरपते हे निश्चित समजावे. पिंपळास मूठभर माती आणि सतत ओल एवढेच पुरते. ते रोप उपटल्याने गळती थांबत नाही. मुळे भिंतीत शिरलेली असतील तर भिंतीचीही परीक्षा करावी लागते.

तिसरी गोष्ट, पाइपावर लाकडी मुठीने हळुवार ठोकून पाहावे. शाबूत बीड घणघणीत बोलते, पोखरलेल्या बिडाचा आवाज बसका येतो. शंका आली तेथे पेचकसाने थोडे खरवडावे. काळी, पेन्सिलीच्या शिशासारखी भुकटी निघाली तर लोखंड गेले आणि ग्राफाइट उरले, असा अर्थ होतो. जोराने मात्र ठोकू नये, कारण दुर्बळ पाइप तेथेच फुटेल.

चौथी गोष्ट, कपड्याची नीळ बादलीभर पाण्यात कालवून वरच्या मजल्यावरील शौचालयात ओतावी आणि खालचे चेंबर उघडून पाहावे. निळे पाणी लगेच आणि पुरेसे आले तर मार्ग मोकळा आहे. ते उशिरा आले, थोडे आले किंवा भिंतीवरील ओलीच्या डागावर निळसर छटा दिसली, तर मधल्या वाटेत दोष आहे.

पाचवी गोष्ट, तळमजल्यावरील दुकान किंवा गोदाम नीट पाहावे. गिलाव्याचे पोपडे, भिंतीस लागलेला लोणा, एकाच कोपऱ्यात वारंवार दिलेला नवा रंग, खालच्या नहाणी ट्रॅपमधून येणारा वास किंवा गुडगुड आवाज, ही सर्व चिन्हे आहेत. जुन्या वाड्यांच्या भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या असतात. अशा भिंतीत पाणी मुरत राहिले तर माती विरघळते आणि बाहेरून धड दिसणारी भिंत आतून पोकळ होते. येथे प्लंबरचे मत पुरेसे नाही, संरचना अभियंत्यास दाखवावे.

सहावी गोष्ट, हौदातील पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन कोलिफॉर्म जंतूंची तपासणी करून घ्यावी. हौदात असे जंतू सापडले तर सांडपाण्याचा मार्ग तपासल्याशिवाय केवळ औषध टाकून समाधान मानू नये.

एक सूचना अत्यंत गांभीर्याने पाळावी. चेंबर किंवा सेप्टिक टाकी उघडून त्यात कोणत्याही माणसास उतरवू नये. तेथील वायूने काही क्षणांत मृत्यू ओढवतो आणि त्यास वाचवण्यास उतरलेलाही परत येत नाही. संरक्षणाची साधने न देता गटार किंवा सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. हे काम यंत्राने आणि महापालिकेच्या किंवा प्रशिक्षित ठेकेदाराच्या साहाय्यानेच व्हावे.

विकणाऱ्याचे कर्तव्य

घर घेणाऱ्याने पारखून घ्यावे हे खरे, परंतु विकणाऱ्याचीही बाजू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्यास सापडणार नाही, तो दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर. असा दोष न सांगणे हे कपट मानले जाते. भिंतीत गाडलेला, आतून पोखरलेला पाइप हे अशा लपलेल्या दोषाचे सहज समजणारे उदाहरण आहे. नव्या इमारतीत सदनिका घेतली असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ अन्वये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामाचा किंवा सेवांचा दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो.

कायदा बाजूस ठेवला तरी आपल्या श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली खोटा माल देणे. दुधात पाणी घालणाऱ्यास आपण नावे ठेवतो. ओलीच्या डागावर रंग मारून घर दाखविणे त्याहून निराळे कसे म्हणावे? तागडीतील वजने दर दोन वर्षांनी वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारून घ्यावी लागतात. भिंतीतल्या बिडावर शिक्का मारणारे कोणी नसते, तेथे विकणाऱ्याचा शब्द हाच शिक्का असतो. दोष सांगून विकलेल्या घराची किंमत कदाचित काही कमी येईल. परंतु ज्या बाजारात तीन पिढ्या बसावयाचे आहे त्या बाजारात घराण्याचे नाव ही त्याहून मोठी मालमत्ता आहे.

वाटणीपत्रात नसलेला पाइप

आणखी एक विषय आपल्या कुटुंबांस विशेष जवळचा आहे. समजा, तळमजल्यास दुकान आणि वर दोन मजली घर असलेला वाडा तीन भावांत वाटला गेला. दुकान थोरल्याकडे आले, पहिला मजला मधल्याकडे आणि दुसरा धाकट्याकडे. वाटणीपत्रात खण, जिना, गच्ची, विजेचे मीटर, देव्हाऱ्याची खोलीसुद्धा नोंदली गेली. मैल्याचा पाइप मात्र कोणाच्याच नावावर आला नाही. तो धाकट्याच्या शौचालयापासून निघतो, मधल्याच्या न्हाणीजवळून उतरतो आणि थोरल्याच्या गोदामाच्या भिंतीतून बाहेर पडतो. गळतो तेव्हा माल थोरल्याचा भिजतो. दुरुस्तीसाठी फरशी मधल्याची फोडावी लागते. वापर सर्वांचा असतो, पण धाकटा म्हणतो की माझ्याकडे तर काही गळत नाही.

असे तंटे भावांमध्ये आधी अबोला आणतात आणि नंतर वकील आणतात. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १३ ने वाटणीनंतरही अत्यावश्यक सुविधेचा हक्क एका भागास दुसऱ्या भागातून मिळू शकतो. म्हणजे पाइप बंद पाडण्याचा अधिकार थोरल्यास आपोआप मिळत नाही. परंतु खर्च कोणी किती द्यावा, आत येऊन काम करण्यास केव्हा व कशी परवानगी द्यावी, हे कायद्याने ठरण्याची वाट पाहण्यापेक्षा वाटणीपत्रातच लिहून ठेवणे शहाणपणाचे. पाइपाचा मार्ग दाखविणारा साधा नकाशा, खर्चाचे प्रमाण, दर काही वर्षांनी तपासणी आणि पाइप बदलण्याचा प्रसंग आला तर सर्वांनी मार्ग मोकळा करून देण्याची अट, एवढ्या चार गोष्टी पुरेशा आहेत. आधी झालेल्या वाटणीतही सर्वांच्या सह्यांचा पूरक करार करता येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सामाईक सांडपाणी वाहिन्यांची दुरुस्ती ही सामान्यतः संस्थेची जबाबदारी असते, म्हणून तेथे तक्रार शेजाऱ्याकडे नेण्याआधी समितीकडे लेखी द्यावी.

दुकानदारांनी विम्याकडेही लक्ष द्यावे. आगीच्या प्रमाणित विमापत्रात पाण्याच्या टाक्या व पाइप फुटून होणाऱ्या नुकसानीचा समावेश असतो. परंतु वर्षानुवर्षे झिरपून हळूहळू झालेली नासाडी ही साधारणतः झीज समजली जाते आणि दावा नाकारला जाऊ शकतो. विमापत्रातील शब्द नूतनीकरणापूर्वी वाचून घ्यावेत, आणि माल भिंतीपासून व जमिनीपासून थोडा वर व दूर ठेवावा.

बदलताना काय ध्यानात घ्यावे

पाइप बदलण्याची वेळ आली तर बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा पाइप सुचविला जातो. मैला व सांडपाण्यासाठीच्या पाइपांचे भारतीय मानक १३५९२ आहे. त्यात दोन प्रकार आहेत. पातळ भिंतीचा अ प्रकार हवेच्या आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपासाठी असतो, तर जाड भिंतीचा ब प्रकार मैल्यासाठी असतो. किंमत कमी दिसते म्हणून ठेकेदाराने अ प्रकार वापरला तर तो टिकणार नाही. पाइपावरील छाप वाचून घ्यावा. उन्हात उघडा राहणारा प्लास्टिकचा पाइप ठिसूळ होतो, म्हणून आपल्या शहराच्या उन्हात त्यास आडोसा किंवा रंगाचा थर द्यावा.

उतार योग्य राखावा. चार इंची आडव्या पाइपास साधारणतः चाळीस फुटांस एक फूट हा उतार धरतात. सर्वांत वरच्या शौचालयाच्याही वर हवेचा पाइप उघडा राहील असे पाहावे. गच्चीवर नवी खोली बांधताना तो कापून बंद केलेला अनेक ठिकाणी आढळतो आणि मग वायू घरात परततो. अर्धा पाइप बदलून अर्धे बीड तसेच ठेवल्यास जोडापाशी गळती होण्याचा संभव असतो. पैशांची अडचण असेल तर निदान उभा स्तंभ एका वेळी पूर्ण बदलावा आणि आडवा भाग पुढील वर्षी.

जुने पाइप उतरवताना प्रत्येक तुकडा दोरीने बांधून खाली घ्यावा, कारण वीस किलोचे बीड वरून सुटले तर रस्त्यावरील माणसाचा जीव जाईल. जोडातील शिसे घरात, अंगणात किंवा चुलीवर वितळवू नये. त्याची वाफ आणि भुकटी लहान मुलांस व गर्भवतींस अपायकारक आहे. बीड आणि शिसे दोन्ही भंगारात वजनावर विकले जातात, तेव्हा त्यांची रक्कम ठेकेदाराच्या बिलातून वळती करून घेण्यास संकोच करू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील इमारतींत हवेचे किंवा पावसाळी पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचेही असतात. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसास घातक असते, म्हणून ते न फोडता, ओले करून अखंड उतरवावेत.

मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहरास पाणी आणण्यासाठी नहरी बांधल्या आणि पाणचक्कीस पाणी पुरविणाऱ्या मातीच्या नळ्या आजही दाखविल्या जातात. त्या नहरींवर उसासे होते, म्हणजे हवा सोडण्याची आणि आत पाहण्याची सोय बांधतानाच ठेवलेली होती. आपण मात्र घर बांधताना पाइप टाइलच्या मागे गाडतो आणि चेंबरवर फरशी बसवून टाकतो. नवे काम करणाऱ्यांनी पाइप शक्यतो उघडे किंवा डक्टमध्ये ठेवावेत, चेंबरचे झाकण उघडता येईल असे ठेवावे आणि फरशी बसविण्यापूर्वी पाइपांची छायाचित्रे मोजमापासह काढून घराच्या कागदपत्रांत जपावीत.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतीचे संरचनात्मक स्थैर्य नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासून घ्यावयाचे असते. ज्यांच्या इमारतीने तिशी ओलांडली आहे त्यांनी त्या तपासणीतच सांडपाण्याच्या पाइपांचा अहवाल लेखी मागावा. चातुर्मासापूर्वीचे, म्हणजे वैशाख-ज्येष्ठाचे कोरडे दिवस या कामास सर्वांत योग्य. पाऊस सुरू झाल्यावर ओल पावसाची की पाइपाची, हे ओळखणे कठीण होते. ज्यांचा खरेदीचा व्यवहार सध्या चालू आहे त्यांनी विसार देण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी आणि आढळलेला दोष व त्याच्या दुरुस्तीचा खर्च कोण सोसणार, हे विसारपावतीतच लिहून घ्यावे.

पुढील लेखांकात सामाईक भिंतीची दुरुस्ती आणि तिचा खर्च या विषयाकडे वळू.